फ्लूक ११७ : डीबीसमोर भरवशाचा, प्रयोगाच्या टेबलावर अपुरा

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत गेली दोन वर्षे फ्लूक ११७ हा डिजिटल मल्टिमीटर वापरात आहे. विद्यार्थ्यांचे प्रयोग आणि प्रयोगशाळेच्या वायरिंगची देखभाल ही दोन्ही कामे एकाच चांगल्या मीटरवर भागावीत, या हेतूने तो घेतला होता. दोन वर्षांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की देखभालीसाठी तो उत्तम आहे, पण प्रयोगांसाठी तो घेऊ नये. साध्या मीटरच्या कित्येक पट किंमत मोजण्याआधी हा फरक समजून घेतलेला बरा.

चालू सप्लायवर चाचणी हे शब्द प्रयोग आणि देखभाल या दोन्हीकडे वापरले जातात, पण प्रयोगाच्या टेबलावर परिपथ चालू ठेवावा लागतो तो रीडिंग घेण्यासाठी, तर डीबीसमोर (इमारतीतील वीज वाटपाच्या पेटीसमोर) उभा असलेला वायरमन चाचणी करतो ती बहुधा वायरीत करंट उरलेला नाही याची खात्री करून घेण्यासाठी. तिथे मीटरने दाखवलेल्या शून्यावर माणूस उघड्या वायरीला हात लावणार असतो. आपल्याकडे ही खात्री अजूनही खिशातल्या निऑन टेस्टरवर होते. तो भर उन्हात पेटलेला दिसत नाही, आणि कधी नुसत्या प्रेरणाने आलेल्या व्होल्टेजवरही मिणमिणतो.

साध्या डिजिटल मीटरची अडचण यातल्या दुसऱ्या प्रकारची आहे. त्याचा आदान रोध, म्हणजे मोजताना परिपथाला जाणवणारा मीटरचा स्वतःचा रोध, सुमारे १० मेगाओहम असल्यामुळे तो फारच हळवा असतो. प्रयोगशाळेचे नूतनीकरण चालू असताना, दोन्ही टोकांनी सोडवलेल्या एका वायरीवर आमच्या जुन्या मीटरने ६० व्होल्टच्या वर रीडिंग दाखवले होते. ती वायर त्याच पाइपातून एका चालू फेजला खेटून गेलेली होती. अशा दोन वायरींमध्ये एक नॅनोफॅरॅड धारिता गृहीत धरली, तर ५० हर्ट्झला तिचा रोध सुमारे ३२ लाख ओहम होतो, आणि १० मेगाओहमच्या मीटरला रीडिंग दाखवायला एवढा दुवा पुरतो. फ्लूक ११७ मधील ऑटो-व्ही लो-झेड या मोडमध्ये आदान रोध सुमारे ३ किलोओहमवर येतो. त्या मोडवर हेच भुताटकीचे व्होल्टेज एका व्होल्टच्याही खाली कोसळले. एसी आहे की डीसी हेही मीटर स्वतःच ओळखतो. माझ्या दृष्टीने या मीटरची किंमत याच एका मोडमुळे वसूल होते.

मात्र या मोडला एक काटा आहे. २३० व्होल्ट भागिले ३ किलोओहम म्हणजे जवळपास ७७ मिलिअँपिअर. आणि आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे गळणारी धारा ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, ट्रिप होतो ३० मिलिअँपिअरला. मी सॉकेटच्या फेज आणि अर्थ या पिनांमध्ये लो-झेडवर मोजमाप घेतले आणि त्याच क्षणी शेजारच्या संगणक कक्षासकट सगळा मजला बंद पडला. चूक सर्वस्वी माझी होती, कारण हा हिशोब अकरावीच्या मुलालाही करता येतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजताना असे होत नाही.

मीटरच्या टोकाशी वायरीला स्पर्श न करता व्होल्टेज ओळखण्याची सोयही दिलेली आहे. भिंतीतला फेज शोधायला ती उपयोगी पडते, पण लोखंडी पाइपातली वायर तिला कळत नाही आणि डीसी तर मुळीच कळत नाही. त्यामुळे ती गप्प राहिली याचा अर्थ लाइन बंद आहे असा घेऊ नये. आधी चालू सॉकेटवर मीटर पारखावा, मग हव्या त्या वायरीवर चाचणी घ्यावी, आणि पुन्हा त्याच सॉकेटवर मीटर शाबूत असल्याचे पाहावे, हा क्रम कोणत्याही मीटरने चुकत नाही. याचे सुरक्षा-वर्गीकरण कॅट ३, ६०० व्होल्ट आहे, म्हणजे इमारतीतील डीबीपर्यंत तो योग्य आहे. खांबावरून इमारतीत येणाऱ्या सर्व्हिस लाइनपाशी कॅट ४ चेच उपकरण हवे.

आता प्रयोगाच्या टेबलाकडे. बंद स्थितीनंतर खटका पहिल्यांदा लो-झेडवरच येतो आणि विद्यार्थी तिथेच थांबतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १० किलोओहमचे दोन रोध जोडून केलेल्या विभाजकावर ४.५ व्होल्ट यायला हवेत. या मोडवर येतात जेमतेम १.७. व्होल्टमीटर परिपथावर कसा भार टाकतो हे शिकवायला असे उदाहरण शोधून सापडणार नाही, पण परीक्षेच्या दिवशी ते नको असते. विद्युतधारेसाठी फक्त ६ आणि १० अँपिअरच्या श्रेणी असून सर्वांत लहान पायरी १ मिलिअँपिअर आहे. साहजिकच डायोडची उलट धारा किंवा ट्रान्झिस्टरची बेस धारा याने मोजता येत नाही. एसी व्होल्टेजची अचूकता १ किलोहर्ट्झपर्यंतच दिलेली असल्याने काही किलोहर्ट्झला होणारा एलसीआर अनुनादाचा प्रयोगही हातचा जातो. खरे आरएमएस मूल्य, म्हणजे तरंगाचा आकार कसाही असला तरी एसीचे योग्य परिणामी मूल्य, देणे ही त्याची जमेची बाजू. सरासरीवर चालणारे स्वस्त मीटर चौकोनी तरंगाला सुमारे ११ टक्के जास्त दाखवतात, तसे इथे होत नाही.

९ व्होल्टची एक बॅटरी आम्हाला भरपूर पुरते, पडदा स्पष्ट आहे, आणि मीटर हातात नीट बसतो.

विद्यार्थ्यांसाठी आम्ही आता मायक्रोअँपिअरची श्रेणी असलेले साधे मीटर वेगळे घेतले आहेत. फ्लूक ११७ विजेच्या कामाच्या कपाटात ठेवलेला असतो आणि त्याच्या पाठीवर मी एक चिठ्ठी डकवली आहे : लो-झेडवर असताना अर्थला लावू नये.