अकरावी-बारावी: इंटिग्रेटेड, की साधं कॉलेज आणि संध्याकाळचा क्लास?

आमच्या घरात दोन्ही झालं आहे. थोरली मुलगी इंटिग्रेटेडला होती, म्हणजे कॉलेजचा आणि इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेचा अभ्यास दिवसभर एकाच क्लासमध्ये. तीन वर्षांनी धाकट्याला इथं नाशिकातच गंगापूर रोडच्या बाजूला साध्या अनुदानित कॉलेजात घातलं आणि संध्याकाळी वेगळा क्लास लावला. दहावीचा निकाल लागला की सिडकोतले ओळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच नीट लिहितो. फी किती, बॅचमध्ये मुलं किती, चौकाचौकात कुणाचे फोटो लागलेत, हे तुम्ही फिरून बघितलंच असेल. त्यात जात नाही.

इंटिग्रेटेडबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. मुलगी सकाळी साडेसातला जायची, संध्याकाळी यायची. मधल्या वेळात ती कुठे आहे, काय करते, ही काळजी आम्हाला कधी पडली नाही. दर रविवारी टेस्ट, मंगळवारपर्यंत मार्क हातात. अडलेलं गणित त्याच दिवशी सर सोडवून द्यायचे. ज्याला जेईईच करायची आहे आणि हे अकरावीतच पक्कं आहे, त्याला असा बांधलेला दिवस मानवतो.

अडचण शिकवण्यात नव्हती, कागदात होती. मुलगी बसायची कॉलेज रोडवर, पण तिचं नाव होतं दिंडोरी रस्त्याला, गावाबाहेरच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या पटावर. प्रवेश घेताना आम्हाला हे सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. त्याचा अर्थ मात्र बारावीत कळला.

आम्ही ओबीसी. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा अर्ज बारावीत असताना कॉलेजमार्फत करायचा असतो. प्राचार्यांची सही, कॉलेजचा शिक्का, जावक क्रमांक. क्लासच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "सर, ते कॉलेजकडनंच होतं." अर्धी रजा टाकून मुलीला स्कूटरवर घेऊन गेलो. प्राचार्य मीटिंगला गेले होते. दुसऱ्या खेपेला प्राचार्य होते, तर जावक रजिस्टर ज्यांच्याकडे त्या बाई सुट्टीवर. तिसऱ्या खेपेला सही झाली, शिक्का बसला, आम्ही खुशीत दिंडोरी रोडनं परत निघालो आणि मेरीच्या सिग्नलला मुलगी म्हणाली, "बाबा, शिक्का फोटोवर आलाच नाही." अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा होता. गाडी वळवली. त्या ऑफिसातली माणसं वाईट नव्हती. ती मुलीला ओळखत नव्हती, एवढंच. दोन वर्षांत तिला त्यांनी पाचसहा वेळा पाहिलं असेल. नासर्डी पुलाजवळच्या पडताळणी कार्यालयात फाइल जमा केली त्या दिवसापर्यंत तिचे क्लासचे चार दिवस बुडालेले होते, आणि बोर्ड दोन महिन्यांवर आलं होतं.

प्रॅक्टिकलचंही तेच. फिजिक्स, केमिस्ट्रीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. पोटेन्शिओमीटरची ती लांब तार तिनं परीक्षेच्या आठवडाभर आधी पहिल्यांदा पाहिली. जर्नल दोन रात्री बसून उतरवून काढलं. मार्क मिळाले, बरे मिळाले. पण ब्युरेटची तोटी डाव्या हातानं धरायची असते हे तिला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कळलं, हे ती अजून बोलून दाखवते.

धाकट्याच्या वेळी माझं ठरलेलं होतं: नाव जिथं, मूल तिथं. त्याच्या कॉलेजात ऑफिसची खिडकी जिन्याखाली होती. बोनाफाईड, वैधतेचा अर्ज, बोर्डाच्या फॉर्ममधल्या आईच्या नावातली चूक, सगळं मधल्या सुट्टीत झालं. तोच रांगेत उभा राहिला, तोच शिक्का बघून घेऊन आला. मला एकदाही रजा पडली नाही.

तरी सगळं गोड नव्हतं. लेक्चर व्हायची, नाही असं नाही, पण गणेशोत्सव ते दिवाळी या काळात वर्ग अर्धे रिकामे असायचे आणि मुलगा कट्ट्यावर. क्लास साडेपाच ते साडेआठ. सिटीलिंक वेळेवर मिळाली तर सव्वानऊला घरी, जेवून पेंगायला लागायचा. पहिल्या सहामाहीत केमिस्ट्री पार मागं पडली होती आणि मी बायकोचं पुष्कळ ऐकून घेतलं. ज्या घरात मुलाच्या मागं कुणी नाही, दोघंही शिफ्टला जातात आणि मूल स्वतःहून पुस्तक उघडत नाही, तिथं मी साधं कॉलेज घ्या असं छातीठोक म्हणणार नाही.

राज्याच्या प्रवेश परीक्षेपुरतं, म्हणजे एमएचटी-सीईटीपुरतं बोलायचं तर मला दोघांत फार अंतर दिसलं नाही. पेपर राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर, साधारण २० टक्के अकरावीचा आणि बाकी बारावीचा. चुकीला मार्क कापत नाहीत. गणिताचा प्रश्न २ गुणांचा. तिथं वेग लागतो, आणि तो घरी जुने पेपर घड्याळ लावून सोडवूनही येतो. धाकट्यानं ते फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डानंतर मन लावून केलं.

आणखी एक गोष्ट, जी निवडताना माझ्या डोक्यातही नव्हती. इंटिग्रेटेडला पहिल्याच दिवशी मुलगी 'पीसीएम' (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) झाली आणि दोन वर्षं तिच्या भोवती फक्त जेईई होती. धाकट्यानं साध्या कॉलेजात बायोलॉजी सोडली नाही, चारही विषय ठेवले. त्याच्या बाकावर एक सैन्यात जायला एनडीएचा फॉर्म भरणारा होता. एकजण म्हणायचा, सायन्सच्या बारावीवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो. एकाचा भाऊ आयटीआय करून ओझरला एचएएलमध्ये अप्रेंटिस होता आणि मुलगा त्याच्याकडून स्टायपेंडपासून शॉपफ्लोअरपर्यंत सगळं विचारून यायचा. बारावीच्या दिवाळीत धाकटा पिंपळगावला मामाकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला गेला, चार दिवसांचे आठ करून आला, आणि आल्यावर म्हणाला, "बाबा, सीईटीवर अ‍ॅग्रीलाही जाता येतं." आज तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. इंटिग्रेटेडला असता तर हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

मुलीचंही उत्तम चाललं आहे, पुण्याला आहे. तिची दोन वर्षं वाया गेली असं मी कधी म्हणणार नाही. पण तिसरं मूल असतं तर धाकट्याच्याच वाटेनं पाठवलं असतं.

तुमचा कल इंटिग्रेटेडकडेच असेल तर एवढं करा. कुठल्या ज्युनिअर कॉलेजच्या पटावर नाव लागणार आहे ते फी भरण्याआधी लेखी मागा. मग कामाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला, स्वतः गाडी काढून तिथं जा. ऑफिस उघडं आहे का बघा. प्रयोगशाळेचं दार उघडायला सांगा आणि टेबलांवर धूळ आहे का तेही बघा. बोनाफाईडला किती दिवस लागतात ते खिडकीवरच्या माणसाला विचारा, क्लासच्या काउंटरवर नको.