सोसायटीच्या गेटवरचे ॲप: दीड वर्षाच्या वापरानंतर

पुण्यात बावधनला आमची दोनशेच्या आसपास सदनिकांची सोसायटी आहे. दीड वर्षापूर्वी तिथल्या गेटवरचे रजिस्टर बंद झाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारे मोबाइल ॲप सुरू झाले. तेव्हापासून मी ते रहिवासी म्हणून रोज वापरते आहे, आणि गेल्या वर्षी कमिटीतल्या रिकाम्या जागेवर माझी निवड झाल्यापासून कमिटीला दिसणारी त्याची बाजूही मी जवळून पाहिली आहे. ॲपचे नाव येथे लिहीत नाही. अशी सेवा पुरवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, त्यांची रचना बरीचशी सारखी असते आणि पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने बहुतेक सोसायट्यांना लागू पडेल.

काम साधे आहे. पाहुणा गेटवर आला की वॉचमन त्याचे नाव, मोबाइल नंबर आणि कोणाकडे जायचे तो फ्लॅट टॅबवर भरतो, त्याचा फोटो काढतो आणि त्या घरातल्या फोनवर सूचना येते. आपण ‘परवानगी’ किंवा ‘नकार’ यांपैकी एक बटण दाबायचे. फोनकडे लक्ष नसेल तर थोड्या वेळाने कॉल येतो. पार्सल येणार असल्याचे आधी कळवून ठेवता येते. घरकामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले, पेपर टाकणारी मुले यांना सहा आकडी कोड मिळतो आणि तो सांगितला की त्यांच्या येण्या-जाण्याची वेळ मिनिटासह नोंदली जाते. मेंटेनन्स भरणे, तक्रार नोंदवणे, हॉलचे बुकिंग हेही त्यातच आहे आणि ते सर्व व्यवस्थित चालते.

या ॲपचा फायदा मी मोकळेपणाने मान्य करते. माझी आई ७६ वर्षांची आहे आणि दुपारी घरात एकटी असते. पूर्वी ‘कुरिअर’ एवढा एक शब्द उच्चारला की कोणीही जिना चढून दारापर्यंत येत असे. गेल्या पावसाळ्यात दोन जण गॅसची शेगडी तपासायला आल्याचे सांगून गेटवर उभे राहिले. आईने फोनवर त्यांचा फोटो पाहिला, आपण कोणाला बोलावलेले नाही हे तिच्या लक्षात आले आणि तिने नकाराचे बटण दाबले. ते लोक खरेच कोण होते हे आम्हाला कधी कळले नाही, पण दार उघडायच्या आधी माणूस दिसणे याचे मोल एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला विचारावे. ज्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक अधिक आहेत, तिथे या एका गोष्टीसाठी असे ॲप घ्यावे असे मी म्हणेन.

माझ्या मनात पहिली शंका आली ती मे महिन्यात साताऱ्याहून आत्या आली तेव्हा. वय ८१. भर दुपारी रिक्षातून उतरून ती गेटवर उभी राहिली आणि वॉचमनने टॅब तिच्या चेहऱ्यासमोर धरला. तिने डोक्यावर पदर ओढून घेत विचारले, “फोटो कशाला, बाळा?” तो म्हणाला, “सिस्टिममध्ये लागतो, आजी.” तिच्याकडे मोबाइल नाही, आणि नंबरची जागा रिकामी ठेवली तर नोंद पुढे सरकत नाही, म्हणून त्याने एकच आकडा दहा वेळा दाबला. उन्हाने डोळे बारीक झालेला, अर्धा पदराआड गेलेला तो फोटो माझ्या फोनवर आला. त्या रात्री तो काढून टाकावा म्हणून मी ॲपचा कोपरान् कोपरा शोधला. तशी सोय कुठेच नव्हती. कंपनीला ईमेल केला. अकराव्या दिवशी उत्तर आले की ही माहिती सोसायटीची आहे, कमिटीला विचारा. कमिटीला विचारले तर सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे सांगितले की आमच्याकडे पुसण्याचा अधिकारच नाही, ते कंपनीच करू शकते.

आपल्या चेहऱ्याचा फोटो नक्की कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाला दोन्ही दारांवरून परत पाठवले जाणे हा या सेवेतला सर्वांत मोठा दोष आहे असे माझे मत आहे. कायद्याच्या दृष्टीने याचे उत्तर तितके अवघड नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी आणि कोणत्या पद्धतीने गोळा करायची हे जो ठरवतो, त्याच्यावर मुख्य जबाबदारी येते. त्याच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीने चूक केली तरी त्याला हात झटकता येत नाहीत. म्हणजे गेटवरच्या नोंदीपुरती ही जबाबदारी सोसायटीची, अर्थात आपल्या सर्व सभासदांची आहे, आणि कंपनी तीच माहिती स्वतःच्या वेगळ्या हेतूसाठी वापरू लागली तर तेवढ्यापुरती ती कंपनीचीही होते. आमच्या सर्वसाधारण सभेत ॲपचा ठराव मंजूर झाला तेव्हा चर्चा झाली ती दर सदनिकेमागच्या शुल्काची. आपण दोनशे घरांच्या आणि त्यांच्याकडे येणाऱ्या हजारो माणसांच्या माहितीचे राखणदार होत आहोत हे कोणी बोलले नाही, आणि त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होते.

आता घरकामाला येणाऱ्या मावशींविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या ॲपमध्ये सर्वांत जास्त माहिती त्यांची साठते आणि त्यांनाच ती दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मावशी आमच्याच सोसायटीत चार घरी काम करतात. त्यांचा फोटो, त्यांचा नंबर, त्या कोणाकोणाच्या घरी जातात, आज किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या, महिन्याभरात किती खाडे झाले, हे सर्व रहिवाशांच्या फोनवर दिसत होते. त्यांना तारेही दिले जात होते, पाचपैकी साडेतीन, आणि ते कोणी व का दिले हे कोठेही लिहिलेले नव्हते. एका महिन्यात एका घराने त्यांचा पगार कापला, कारण ॲपमध्ये त्या आठ दिवस वीस-वीस मिनिटे उशिरा आल्याचे दिसत होते. खरे कारण असे होते की त्या आठवड्यात गेटवरच्या टॅबचे इंटरनेट सकाळी बंद पडत होते, वॉचमन आधी सगळ्यांना आत सोडत होता आणि कोड नंतर सवडीने भरत होता. मशीनने लिहिलेली वेळ खरी आणि माणसाने सांगितलेली खोटी, असे त्या घराने धरून चालले. मावशींनी मला विचारले, “ताई, माझं नाव तिथं कसं लिहिलंय ते मला बघायला मिळंल का?” मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतःचा फोटो पाहिला, तारे पाहिले, आणि फोन परत देताना विचारले की हे आणखी कोणाकोणाला दिसते. सगळ्यांना दिसते, हे सांगताना मला फार वाईट वाटले.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्या कल्याणासाठी मंडळाची तरतूद झाली. या कष्टकरी बायकांना कायद्याने कामगार म्हणून ओळख मिळावी यासाठी कित्येक संघटनांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या आहेत. अशा माणसाच्या रोजीरोटीवर परिणाम करणारी नोंद त्याला न दाखवता ठेवणे मला पटत नाही.

कमिटीत आल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. कोड देताना घेतलेल्या आधार कार्डांचे फोटो ॲपमध्ये जसेच्या तसे चढवलेले होते, बाराच्या बारा आकडे स्पष्ट वाचता येत होते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसतील असे झाकलेले आधार कोणालाही डाउनलोड करता येते. ते मागितले असते तरी ओळख पटण्याचे काम झाले असते. खासगी संस्थांना कराराच्या जोरावर आधार प्रमाणीकरण वापरू देणारा कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना अशी इतर ओळखपत्रेही असतात. असे असताना आमच्या गेटवर “आधार आणा, नाहीतर कोड मिळणार नाही” असेच सांगितले जात होते, आणि ज्याला उद्यापासून कामावर यायचे आहे तो माणूस यावर वाद घालत बसत नाही.

खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ते प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून उभे राहिले होते. मात्र मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतो. कंपनी किंवा सोसायटी यांना बांधणारा स्वतंत्र कायदा हवा होता आणि तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. आजच तक्रार करून निकाल मिळेल अशी स्थिती म्हणूनच नाही. परंतु काय अपेक्षित आहे हे छापून आलेले आहे, आणि त्या कसोटीवर हे ॲप लावून पाहता येते.

संमती मोकळी, नेमकी आणि समजून-उमजून दिलेली असावी, असे कायदा म्हणतो. रहिवासी निदान ॲप उतरवून घेताना एका चौकोनावर टिचकी मारतो. पाहुण्याला, कुरिअरवाल्याला, मावशींना तेवढेही मिळत नाही. माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचण्याची सोय असावी लागते. आमच्या ॲपचे गोपनीयता धोरण फक्त इंग्रजीत आहे, आणि गेटवर तर कोणत्याच भाषेत काही लिहिलेले नव्हते. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा अकरावीत शिकतो, त्याचा फोटो आणि येण्या-जाण्याच्या वेळा वर्षभर साठत होत्या, त्याच्या आई-वडिलांना कोणी विचारले नव्हते. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने आमच्या सभेत दाखवलेल्या स्लाइडमध्ये यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

जुने रजिस्टर फार सुरक्षित होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यात वरच्या ओळीतला मोबाइल नंबर खाली सही करणाऱ्या कोणालाही वाचता येत असे, आणि भरलेली रजिस्टरे पंपाच्या खोलीत धूळ खात पडून नंतर रद्दीत जात. तीही बेफिकिरीच होती. परंतु रजिस्टरमध्ये एखाद्याचे नाव टाकून तो वर्षभरात कोणाकडे किती वेळा आला हे एका क्षणात काढता येत नव्हते. ॲपमध्ये ते येते, आणि आमच्या कमिटीच्या लॉगिनवरून मी ते स्वतः करून पाहिले आहे. एका सदनिकेत भाड्याने राहणाऱ्या मुलींकडे कोण येते यावर एका सभासदाने याच नोंदी काढून तक्रार केली तेव्हा, कोणालाही हवे तेव्हा ही पाने उलटता येऊ नयेत असे मी लेखी कळवले.

त्यानंतर सर्वसाधारण सभेत आम्ही बदल मांडले, आणि येथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: बहुतेक बदल ॲपमध्ये आधीपासून करता येण्याजोगे होते. पाहुण्यांचा फोटो ऐच्छिक करणे, तारे बंद करणे, मावशींची हजेरी त्या ज्या घरी काम करतात त्याच घराला दिसेल असे करणे, या सगळ्यांसाठी कमिटीच्या लॉगिनमध्ये स्वतंत्र बटणे होती. ॲप बसवताना ती सगळी चालू स्थितीत आली होती आणि कोणी उघडून पाहिली नव्हती. आधार कार्डांचे फोटो पुसायला मात्र कंपनीला तीन स्मरणपत्रे पाठवावी लागली, आणि पाहुण्यांच्या नोंदी ९० दिवसांनी आपोआप नष्ट व्हाव्यात ही मागणी अजून त्यांच्याकडे पडून आहे. पहिल्या पडद्यावरच्या कर्जाच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती बंद करण्याचा पर्याय नाही.

सोयीसाठी मी या ॲपला पाचपैकी चार गुण देईन. माहिती जपण्याच्या बाबतीत, ते बसवले गेले त्या स्थितीत, एक, आणि आज आमच्या गेटवर चालते त्या स्थितीत अडीच. घेणार असाल तर करार करण्यापूर्वी नोंदी किती दिवसांनी पुसल्या जातात हे कंपनीकडून लेखी घ्या, आणि कमिटीचे लॉगिन कोणाकोणाकडे आहे हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.

गेल्या महिन्यापासून आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केली. दर महिन्याच्या एक तारखेला कामाला येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हजेरीचा छापील कागद गेटवर मिळतो, मराठीत. पहिला कागद हातात आला तेव्हा मावशी कट्ट्यावर बसल्या, बोट ठेवून एकेक तारीख त्यांनी वाचली आणि दोन ठिकाणी थांबल्या. त्या दोन्ही दिवशी त्या आल्या होत्या, कागदावर मात्र खाडा होता. वॉचमनने गेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले आणि दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या.