अंबडच्या उद्योजक संघटनेची मेंबरशिप, माझा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी जॉबवर्कचं शॉप आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. मेंबरशिपचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो पेमेंटचा. एका मोठ्या पार्टीने बिल अडकवून ठेवलं होतं, फोन केला की "पुढच्या आठवड्यात बघू", तर मीटिंगला शेजारी बसलेले काका म्हणाले, अरे उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना तुझं, मग एमएसएमई म्हणजे लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, वर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नुसतं सांगितलं नाही, लेटरचा ड्राफ्टपण व्हॉट्सॲपला टाकला. लेटर गेलं आणि पैसे आले!! शिवाय सातपूरचा एक चांगला हीट ट्रीटमेंटवाला (पार्ट तापवून कडक करून देणारा) मिळाला.

नवीन असाल तर मागच्या खुर्चीत बसू नका, चहाच्या वेळी बनवलेला पार्ट खिशातून काढून हातात द्या, लोक थ्रेड (आटे) बघतात, फिनिश बघतात, मग आपोआप विचारतात कुठे आहे शॉप. नुसत्या कार्डाने काही होत नाही.

खटकतं ते टायमिंग. भर दुपारी मीटिंग, त्यात सत्कार-हारतुऱ्यातच बराच वेळ जातो, एकट्याने शॉप चालवणाऱ्याने मशीन बंद ठेवून यायचं का? प्लीज संध्याकाळी सातनंतर ठेवा. बाकी फी वसूल, पुढच्या वर्षी नक्की रिन्यू करणार.