लॉकर आहे पण भरवसा नाही

हॉस्टेलची रूम स्वच्छ, बेड ठीकठाक, वायफाय पण मस्त चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सेफ्टीसाठी २ स्टारच्या वर देववत नाही. लॉकर फ्री म्हणून जाहिरात करतात, कुलूप मात्र आपलंच न्यायचं आणि कडीचे स्क्रू चक्क बाहेरून दिसतात, कुणीही काढेल हो! त्यात बॅगपॅक मावत नाही, मग लॅपटॉप पासपोर्ट उशाशी घेऊन झोपायचं. दाराला कीकार्ड आहे खरं, पण दिवसभर कुणीतरी चप्पल अडकवून दार उघडंच ठेवतं आणि रिसेप्शनवाला बघून न बघितल्यासारखं करतो.

चोरीचं सगळेच बोलतात, आगीचं कोण बघतं? वरच्या मजल्यावरच्या इमर्जन्सी एक्झिटला साखळी, पुढ्यात जुन्या गाद्यांचा ढीग, स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधलेली (कुणाची तरी सिगरेटची सोय!). आणि बाथरूममध्ये गॅस गीझर अन् खिडकी पॅक. अशा बंद जागेत गीझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, बऱ्याचदा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. सांगितल्यावर खिडकी उघडली, साखळी तशीच.

मैत्रीण लेडीज डॉर्मला होती, तिथे आतून कडी आहे, रात्री ड्युटीला बाई होती, तेवढं बरं. कॅमेरे फक्त पॅसेजमध्ये, ते बरोबरच. जाणार असाल तर आधी फोन करून लॉकरचा साइज आणि रात्री रिसेप्शनला कोण असतं ते विचारा, आणि पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल नको.