जुन्या सामानावरची रीफ टाकी: स्किमरने जिंकलं, वेव्हमेकरच्या चुंबकाने घात केला

सेकंडहँड सामान घेऊन रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची (कोरलची) खाऱ्या पाण्याची टाकी, लावावी का, याला माझं उत्तर आजही 'हो' असंच आहे. पण वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा आणि काचेच्या आत-बाहेरच्या चुंबकांनी धरलेला पंप, जुना घेऊ नका. घ्यायचाच असेल तर त्याच्या ओल्या बाजूचं चुंबक हातात घेऊन कडेकडेने नख फिरवून बघा. हे सगळं मी त्या चुंबकासाठीच लिहितोय, बाकीच्या वस्तूंचं ओघात येईल तेवढं.

टाकी कित्येक महिने उत्तम चालली होती. सायकलिंग झालं (अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावले), डायटमचा तपकिरी थर येऊन गेला, दगडांवर जांभळं कोरलाइन शेवाळ धरायला लागलं. आणि मग अचानक झोअँथस, म्हणजे फुलांसारखे छोटे जीव, मिटून बसले. लेदर कोरल या मऊ कोरलने पॉलिप (अंगावरचे बारीक फुलांसारखे जीव) बाहेर काढणं बंद केलं. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उताण्या पडू लागल्या. मासे मात्र खात-पीत होते, ठणठणीत. पाणी तपासलं तर सॅलिनिटी (खारटपणा) हजारी ३५, तापमान २५, अल्कलिनिटी ८ डीकेएच (तिचं एकक), अमोनिया आणि नायट्राइट शून्य. सगळं जागच्या जागी.

मासे ठीक आणि बिनकण्याचे जीव आजारी असं दिसलं की पहिला संशय धातूवर घ्यावा. नेहमीच्या टेस्ट किटमध्ये तो दिसत नाही. मी एकेक वस्तू बाहेर काढून पुसून बघितली. वेव्हमेकरच्या चुंबकाचं रबरी पॅड सोलून काढलं, तर खालच्या प्लास्टिकच्या कडेला केसाएवढी चीर होती. अंगठ्याने दाबलं आणि त्या चिरेतून तपकिरी पाणी पाझरलं. टिश्यूवर गंजाचा डाग उमटला. बाहेरून बघणाऱ्याला तो पंप नव्यासारखा वाटला असता.

या पंपांत निओडिमियमचं चुंबक असतं. म्हणजे निओडिमियम, बोरॉन आणि बहुतांश लोखंड. वर बहुधा निकेल आणि तांब्याचा पातळ मुलामा, त्यावर प्लास्टिक किंवा इपॉक्सी. चीर पडून खारं पाणी आत शिरलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो, फुगल्याने चीर आणखी उघडते. मुलाम्यातलं तांबं आणि निकेलही सुटायला वाव मिळतो, आणि तांबं कोरल व गोगलगायींना अगदी थोडंसुद्धा सोसत नाही. आतला पंप शांतपणे पाणी ढकलत राहतो, त्यामुळे बिघाड कुठेच जाणवत नाही.

पंप काढला, मोठे वॉटर चेंज केले, ताजा कार्बन टाकला, धातू शोषणारं पॅड संपमध्ये (खालच्या जोडटाकीत) ठेवलं. लेदर कोरल सावरला. झोअँथसच्या काही वसाहती गेल्या त्या गेल्याच.

मग कंपनीला लिहिलं. मोटर उत्तम आहे, फक्त ओल्या बाजूचं चुंबक हवंय. उत्तर आलं की बिल पहिल्या खरेदीदाराच्या नावावर आहे, आणि तसंही तो भाग सुटा विकत नाही, नवा पंप घ्या. याचा मला मनापासून संताप आहे. ज्या भागाला खाऱ्या पाण्यात सर्वांत आधी धोका आहे तोच सुटा मिळू नये आणि चांगली मोटर भंगारात जावी, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

लिहिता लिहिता सुरुवातीचं विधान थोडं सैल करतो. व्हॅक्यूम कपवर बसणाऱ्या जुन्या पॉवरहेडला (टाकीत बुडवायच्या साध्या पंपाला) हा धोका कमी. साध्या पंपांच्या इम्पेलरमध्ये (फिरणाऱ्या पात्यात) बऱ्याचदा फेराइट चुंबक असतं आणि फेराइट गंजत नाही. तरी इम्पेलर काढून बघाच. तो फुगलेला असेल किंवा बाहेर येताना घासत असेल तर सोडून द्या.

आता स्किमर, म्हणजे पाण्यातला मळ फेसातून वरच्या कपात काढणारं यंत्र. घरी आणला तेव्हा मला वाटलं होतं की पैसे वाया गेले. नुसता घरघर आवाज, फेस नाही, कप कोरडा. पंप उघडून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवला, शाफ्टवरचा चुन्याचा थर निघाला. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा अडकला होता, तो कोमट गोड्या पाण्याने विरघळला. दुसऱ्या दिवशी कपात दाट, चहासारखा काळा मळ! स्किमरचं सगळं काम बारीक बुडबुड्यांवर चालतं. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ हवा-पाण्याच्या सीमेवर चिकटतात आणि फेसाबरोबर वर जातात. हवा कमी पडली की यंत्र मेल्यासारखं दिसतं, पण ते मेलेलं नसतं. ॲक्रिलिकचं नळकांडं आणि एक पंप, यात बिघडण्यासारखं आहेच काय! जुन्यात घेण्यासारखी पहिली वस्तू हीच, असं आता माझं ठाम मत झालंय.

टाकी घेताना एकच प्रश्न विचारायचा: यात कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर ते सर्रास वापरतात. काच धुता येते, पण दगड तांबं धरून ठेवतात आणि नंतर सोडतात, सिलिकॉनबद्दलही तसंच सांगतात. उत्तर गोलमोल आलं तर पुढे जा. जुने दगड फॉस्फेटही सोडतात, तेव्हा सुरुवातीला हिरवं शेवाळ येणारच, धीर धरावा. दगड स्वच्छ करायला उकळू मात्र अजिबात नका. त्यावर झोअँथसच्या जातकुळीतले पॅलिथोआ वाळलेले असले तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे त्यांचं विष फुप्फुसात जातं आणि माणसं खरोखर हॉस्पिटलात पोचतात.

लाइटबद्दल फार लिहीत नाही. टी-५ (बारीक ट्यूबलाइट) असेल तर फिक्स्चर घ्या आणि नळ्या नव्या टाका, एलईडी असेल तर पंखा फिरतोय का बघा. हीटर नवाच घ्या. त्याचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत चिकटला तर एका रात्रीत टाकी शिजते, म्हणून वर वेगळा कंट्रोलरही हवा. सॅलिनिटी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर जुना चालतो, पण तो ३५ सॅलिनिटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट करा, आरओच्या पाण्याने नको.

महागडं सामान नसेल तर रीफ टिकत नाही म्हणणाऱ्यांना ली चिन एंग यांचं उदाहरण देतो. जकार्तातल्या या गृहस्थांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून मांडली तेव्हा त्यांचा भर जिवंत दगड (सूक्ष्मजीव वसलेले समुद्रातले दगड), प्रकाश आणि हवेच्या बुडबुड्यांवर होता. काटकसर करून रीफ होते, फक्त ती कुठल्या भागावर करायची ते कळायला हवं.

पुढची खरेदी ऑटो टॉप-अपची, म्हणजे वाफ होऊन उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राची. तोही जुनाच बघतोय. पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा फ्लोट स्विच मात्र नवा टाकणार आणि गोड्या पाण्याची टाकी मुद्दाम लहान ठेवणार, म्हणजे स्विच अडकला तरी सॅलिनिटी फार खाली जाणार नाही.