दुकानाला फोन कुठला: मोबाइल, फायबरचं लँडलाइन, क्लाउड नंबर की स्वतःचं एक्सचेंज?

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या मोरजीहून वहिनीचा फोन, म्हणजे आतेभावाच्या बायकोचा. चार खोल्यांचं होमस्टे आहे त्यांचं. म्हणाली, "भावजी, ऑक्टोबरात सीझन सुरू होणार, बोर्ड नवा करायला दिलाय, नंबर तीन झालेत, त्यातला बोर्डावर कुठला घालू ते एकदाच सांगा." तिला फोनवर अर्धा तास सांगितलं ते सगळं इथे लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला डिचोलीच्या बाजारात महिन्यातनं दोनदा तरी कुणीतरी विचारतं. माझं स्वतःचं पंप-मोटरचं दुकान आहे, आणि म्हापशात एका मित्राचं टॅक्सी-बस बुकिंगचं ऑफिस आहे तिथला फोन मीच बसवून दिलाय, त्यामुळे तीन वेगळ्या धंद्यांचा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लोक येऊन विचारतात इंटरनेटवरनं फोन केला तर कॉल किती स्वस्त पडेल, पण भारतात कॉलचा खर्च आता राहिलेलाच नाही, साध्या रिचार्जमध्ये पण अनलिमिटेड कॉल येतात. तुम्ही पैसे मोजताय ते नंबरसाठी. तो नंबर कुणाच्या नावावर आहे, उद्या कंपनी बदलली तर तो तुमच्याबरोबर येणार का, आणि दुकानात तुम्ही एकटे नसाल तर तो कितीजणांना उचलता येणार, हे तीन प्रश्न विचारले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. याला कमी लेखू नका. मोबाइल नंबर २०११ पासून पोर्ट होतो, आणि २०१५ पासून देशभर कुठल्याही सर्कलमध्ये नेता येतो, म्हणजे कंपनी आवडली नाही तर कंपनी सोडायची, नंबर आपलाच. चारही पर्यायांत ही ताकद फक्त मोबाइल नंबरला आहे. अट एकच, सिम मालकाच्या नावावर पाहिजे. किनाऱ्याकडच्या धंद्यांत मी हे इतक्यांदा बघितलंय की पोटतिडकीने सांगतो, कामावरच्या मुलाच्या नावावर सिम काढायचं, त्याच नंबरावर दोन सीझन बुकिंग घ्यायची, आणि तो मुलगा मे महिन्यात गावी गेला की नंबर गेला, त्याच्यावरचे जुने गिऱ्हाइक पण गेले. एका माणसाच्या नावावर ९ सिम चालतात, तेव्हा नवीन काढायला अडचण नाही.

मोबाइलचा दुसरा त्रास रेंजचा. आमच्याकडच्या जुन्या घरांत चिऱ्याच्या जाड भिंती, आत गेलं की टॉवर गायब, सत्तरी आणि काणकोण तालुक्यांत तर अंगणात पण तीच गत. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे, मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने ही सोय आणली, कॉल तुमच्याच नंबरावरनं जातो-येतो पण टॉवरऐवजी घरच्या ब्रॉडबँडवरनं. समोरच्याला काही करावं लागत नाही, त्याच्यासाठी तो साधाच कॉल. खरं सांगायचं तर छोट्या धंद्याला लागणारा "इंटरनेट फोन" बरेचदा एवढाच असतो आणि लोक उगाच बॉक्स विकत घेत बसतात.

व्हॉट्सॲपचे कॉल परदेशी पाहुण्यांसाठी छान, वहिनीचे अर्धे पाहुणे तसेच येतात. पूर्वी ती स्काइप वापरायची, ते ५ मे २०२५ ला बंदच झालं. पण गल्फमध्ये गोयंकार किती आहेत बघा, आणि दुबई-अबुधाबीत व्हॉट्सॲपवर व्हॉइस कॉल लागत नाही, तिथनं मेसेज येतो, कॉल नाही. म्हणून जोडीला साधा फोन नंबर पाहिजेच, आणि बोर्डावर, कार्डावर तो +९१ लावून छापा.

दुसरा पर्याय फायबरचं लँडलाइन. ब्रॉडबँड घेताय तर फायबरच्या बॉक्सला मागे टेलिफोनचं एक भोक असतं, त्यात साधा जुना फोन लावला की चालू. जिओचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी असा आहे आणि व्हॉइस त्यातच येतं, बीएसएनएल, एअरटेलचं पण याच धर्तीवर, बिझनेस म्हणून घेतलंत तर प्लॅन महाग होतो. अख्ख्या गोव्याला एकच कोड, ०८३२, आणि पुढे सात आकडे. या ०८३२ ला आमच्याकडे अजून मान आहे, माझे कुळागरवाले (सुपारी-नारळाच्या बागायतीचे) गिऱ्हाइक, साठी-सत्तरीचे, त्यांना लँडलाइन नंबर दिसला की दुकान पक्कं आहे असं वाटतं. मार्च ते मे मोटरी जळतात तेव्हा सकाळी सातपासून तोच वाजत असतो. आणखी एक फायदा लोकांना माहीत नसतो, व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरावर पण काढता येतं, एसएमएसऐवजी कॉलने कोड मागवायचा, फोन उचलून आकडे लिहून घ्यायचे, झालं. जिओच्या जिओजॉइन ॲपवर घरच्या वाय-फायमध्ये असताना लँडलाइनचा कॉल मोबाइलवर पण उचलता येतो, मी मागच्या गोडाऊनमध्ये असलो की तसाच उचलतो.

आता याच्या दोन खोड्या. पहिली, लँडलाइन नंबर पोर्ट होत नाही. कंपनी बदलली की ०८३२ चा तो नंबर गेला. दुसरी, वीज. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्सचेंजमधनंच ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे गावात काळोख असला तरी फोन चालायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातनं वीज येत नाही, लाइट गेली की बॉक्स बंद आणि फोन पण बंद, आणि आमच्याकडे जून-जुलैत लाइट कधी जाते हे मी सांगायला नको. हजार-दीड हजारात राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्याच, घेताना ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा (बहुतेक १२ असतं) आणि फायबरचा बॉक्स आणि राउटर असे दोन वेगळे डबे असतील तर दोघांना पण बॅकअप द्या, नुसत्या राउटरला देऊन फायदा नाही. वीज कडाडायला लागली की प्लग काढून बॅटरीवर चालवा, फायबरमधनं वीज येत नसली तरी ॲडॉप्टरच्या वायरीतनं येते आणि डबा जळतो. कंपनी निवडताना जाहिरात बघू नका, शेजारच्या दुकानात विचारा की गेल्या पावसाळ्यात झाड पडून वायर तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला. ज्याचा माणूस लवकर येतो तोच घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी. आणि एक बारकी गोष्ट, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरनं मोबाइलला लावताना आधी शून्य लावावा लागतो, कामावरच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर "फोन लागत नाही" म्हणून तुम्हालाच बोलावतील.

तिसरा म्हणजे क्लाउड टेलिफोनी, एक्झोटेल, मायऑपरेटर, नोलॅरिटी अशा कंपन्या देतात ती. तुम्हाला एक व्हर्च्युअल नंबर मिळतो, त्यावर कॉल आला की "बुकिंगसाठी एक दाबा" असं काहीतरी वाजतं आणि मग तो तुमच्या माणसांच्या मोबाइलवर एकामागून एक वाजतो. दुकानात काही मशीन लागत नाही, जीएसटी, पॅन, आधार दिलं की काम होतं. म्हापशाच्या मित्राकडे चारजण फोनवर, आधी प्रत्येकजण म्हणायचा मला कॉलच आला नाही, आता संध्याकाळी यादी निघते, किती आले, किती सुटले, कोणी परत लावला. सुटलेल्या नंबरांना त्याच संध्याकाळी फोन करायला लागल्यापासून त्याची बुकिंग वाढली, हे त्याचं म्हणणं आणि मला ते पटतं. कॉल रेकॉर्ड होत असेल तर मात्र सुरुवातीला तसं ऐकवा.

खर्चाची एक गोम समजून घ्या. गिऱ्हाइकाचा कॉल त्यांच्या नंबरावर येतो आणि तिथनं तुमच्या मोबाइलला दुसरा कॉल लागतो, म्हणजे एका बोलण्याचे दोन कॉल, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये मिनिटं तशीच मोजतात. १८०० चा टोल फ्री घेतला तर गिऱ्हाइकाचे पैसे पण तुम्हीच भरता. पैसे वर्षाचे एकदम मागतात.

आणि आता माझी गोष्ट, कारण यात माझं खरंच नुकसान झालंय. काही वर्षांपूर्वी मी असाच एक व्हर्च्युअल नंबर घेतला, कंपनीचं नाव सांगत नाही. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापला, दुकानाच्या पाटीवर घातला, विकलेल्या प्रत्येक पंपावर स्टिकर लावला. वर्ष संपलं तेव्हा त्यांनी नवा रेट सांगितला तो मला परवडेना, म्हटलं नंबर माझ्या मोबाइल कंपनीत न्यायचाय, तर उत्तर आलं की नंबर आमचा आहे, तुम्ही फक्त वापरत होता. कागद काढून बघितले तर खरंच तसं लिहिलं होतं. मी सोडलं. पुढचे कितीतरी महिने सावईवेऱ्याचे, केरीचे लोक भेटायचे आणि म्हणायचे, दुकान बंद केलं का हो, फोन लावला तर लागतच नाही. पंप बिघडल्यावर उन्हाळ्यात माणूस वाट बघत नाही, दुसऱ्याकडे जातो. ते गिऱ्हाइक काही सगळे परत आले नाहीत.

म्हणून मित्राला बसवताना मी वेगळं केलं. पाटीवर त्याचा स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर, आणि त्या नंबरावरचे कॉल फॉरवर्ड केले क्लाउड नंबरला. लोकांना माहीत असलेला नंबर त्याचा, मागची कंपनी उद्या बदलली तर फक्त फॉरवर्डिंग बदलायचं. हे फोनच्या सेटिंगमधनंच करा. पूर्वी *४०१# दाबून करायचे ते फसवणुकीमुळे एप्रिल २०२४ मध्ये बंद करायला लावलंय, कोणी फोन करून असा काही कोड दाबायला सांगितला तर दाबू नका, तुमचे कॉल आणि कॉलवर येणारे ओटीपी दुसऱ्याकडे जातात. आणि पाटीवरच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस काढायचं असेल तर ते फॉरवर्डिंग लावायच्या आधी काढा, नाहीतर कोड कॉलने मागवलात तर तो त्या "एक दाबा, दोन दाबा" मध्ये अडकतो.

चौथं, स्वतःचं एक्सचेंज, म्हणजे आलेले कॉल आतल्या फोनांवर वाटणारी आपलीच यंत्रणा. ॲस्टेरिस्क नावाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, फुकट आहे, छोट्याशा कॉम्प्युटरवर चालतं, आणि कंपनीकडनं सिप ट्रंक (इंटरनेटवरनं येणारी फोनची लाइन) घेतली की वीस खोल्यांच्या हॉटेलला इंटरकॉमसकट सगळं होतं. आवाजाला लाइन फार लागत नाही, चांगल्या क्वालिटीचा एक कॉल जाता-येता साधारण ९० केबीपीएस खातो, पाच कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस. बोलण्यात गोंधळ होतो तो स्पीड कमी म्हणून नाही, उशिरामुळे, एका बाजूला १५० मिलिसेकंदाच्या वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. राउटरमधलं सिप एएलजी नावाचं सेटिंग बंद करा, एकीकडचाच आवाज येण्याचं ते मोठं कारण. पण ते चालवायला जाणकार माणूस पाहिजे, सिपचं ५०६० पोर्ट उघडं राहिलं आणि पासवर्ड सोपा असला तर रात्रीत कोणीतरी घुसून परदेशात कॉल करतो आणि बिल तुमच्या नावावर. तीन-चार माणसांच्या दुकानाला मी हे सुचवत नाही.

कोणी परदेशातनं स्वस्त इंटरनेट नंबर घेऊन लोकल सिमच्या गेटवेवरनं कॉल सोडायची युक्ती सांगेल, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे. इंटरनेटवरनं भारतातल्या फोनला कॉल लावायची सोय लायसन्स असलेल्या कंपनीकडनंच घ्यायची, २०१८ मध्ये नियम सैल झाले तरी ही अट तशीच आहे.

वहिनीचं काय ठरलं? तिच्याकडे फोन उचलणारी ती एकटीच, तेव्हा क्लाउड नको. तिच्या नावावर नवं सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, वाय-फाय कॉलिंग चालू, बोर्डावर तोच नंबर. पाहुण्यांसाठी फायबर घ्यायचंच आहे, त्याच्याबरोबर येणारं लँडलाइन रिसेप्शनच्या टेबलावर राहील, ते बोर्डावर नाही. जुन्या तीन नंबरांपैकी दोन नवऱ्याच्या नावावर निघाले, ते वर्षभर चालू ठेवून नव्यावर फॉरवर्ड करायचे. तिसरा गेल्या वर्षीच्या कूकच्या नावावर आहे, तो सध्या गावी आहे, त्याला फोन करून नंबर नावावर करून देतोस का विचारायला सांगितलंय. बोर्डवाल्याला तिने अजून थांबवून ठेवलंय, आधी चवथीत घर भरलेलं असताना, सगळे वाय-फायवर व्हिडिओ बघत असताना, आतल्या खोलीतनं फोन नीट लागतो का बघणार आहे, आणि एकदा मेन स्विच बंद करून पण.