नौपाड्यातलं टाक-दौतवालं प्रेमपत्र वर्कशॉप, हात काळे झाले पण मजा आली

महिन्याभरापूर्वी ठाण्यात घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये १९व्या शतकातल्यासारखं प्रेमपत्र लिहायचं वर्कशॉप केलं. फी ९००, तीन तास, आणि टाक, दौत, लाख, शिक्का असं किट घरी न्यायला मिळतं. नवरा वर्षभरासाठी बंगलोरला आहे, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का", "हो, तू?" याच्यापुढे गाडी सरकत नाही म्हणून म्हटलं बघू तरी करून.

सगळ्यात भारी भाग म्हणजे पाकिटाशिवाय पत्र, कागदाचीच घडी घालून वर लाख लावायची. १८४० च्या आधी इंग्लंडात टपालाचे पैसे किती कागद आणि किती लांब यावर लागायचे, वेगळं पाकीट म्हणजे अजून एक कागद, आणि पैसे बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं त्यानेच भरायचे. म्हणजे हिने दोन पानं जास्त रडगाणं लिहिलं की भुर्दंड त्याला! मग लोक पान आडवं भरलं की कागद फिरवून त्याच ओळींवर उभ्या ओळी लिहायचे. इंग्रजीत ते कसंबसं वाचता येतं. मराठीत मी केलं तर शिरोरेघांची नुसती चटई झाली, काय लिहिलंय ते मलाच कळेना. मॅडम म्हणाल्या शिरोरेघ देऊ नका, तर मग भ आणि म, घ आणि ध सगळे जुळे भाऊ. शेवटी नाद सोडला.

आता तक्रार. तीन तासांत सगळे नमुने इंग्लंडचे, वाळलेली फुलं, केसांची बट घातलेलं लॉकेट वगैरे, आपल्याकडचं एकही नाही. अहो, इथून लोकलने अर्ध्या तासावर कल्याण, आनंदीबाई जोशींचं माहेर! एप्रिल १८८३ मध्ये ती कलकत्त्याहून बोटीने निघाली ती जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, वय १८, आणि गोपाळराव इकडे, तेही पोस्टातच नोकरीला. पुढे बराच काळ दोघांचा संसार पत्रांवरच. ती पत्रं काही गुलाबी नव्हती, गोपाळराव बोचरं लिहायचे आणि ही तिकडे फिलाडेल्फियाच्या थंडीत डॉक्टरकीचा अभ्यास करता करता त्याला उत्तरं द्यायची. आपण ब्लू टिक येऊन दहा मिनिटं रिप्लाय नाही आला तर फुगतो, तिथे भांडणाचं उत्तर समुद्र ओलांडून यायचं, तोवर राग कुठे ठेवत असतील? हे मी मॅडमना बोलले, त्या म्हणाल्या पुढच्या बॅचला घेऊ. बघू.

आणि वजनाचं तर कोणी बोललंच नाही. आपल्याकडे १८५४ पासून पाव तोळ्याच्या आतलं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जायचं. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आपला झेरॉक्सचा साधा एक ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅम भरतो, म्हणजे किटातल्या त्या जाड हँडमेड कागदावर लाखेचा गोळा लावून प्रेम करणं तेव्हा चांगलंच महागात गेलं असतं. १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं खरं, पण ते उघडं, अख्ख्या गावाने वाचावं असं.

किटमधला टाक मस्त, निब छान चालते. शाई मात्र पाणीदार, कागदावर फुटते. लाख म्हणून जे दिलंय ती लाख नाहीच, ग्लू गनच्या कांडीसारखं काहीतरी चिवट आहे. तरी त्यामुळेच की काय सहा दिवसांनी पत्र बंगलोरला पोचलं तेव्हा शिक्का शाबूत होता. नवऱ्याचा लगेच मेसेज, "तिसरी ओळ वाचता येत नाहीये, टाईप करून पाठव ना." नाही पाठवली. मग त्याने उत्तर लिहिलं, पोस्टकार्डावर! ते वॉचमनकाकांनी माझ्या हातात देताना जे तोंड केलं त्यावरून त्यांनी पूर्ण वाचलंय हे कळलं.

जायचं तर टीपकागद घरून न्या, तिथे दहा जणांत एकच होता, आणि पांढरा ड्रेस घालू नका. लिफ्ट नाहीये, गाडी लावायला जागा तर विसराच, रिक्षाने जा.